रेफ्रीच्या निर्णयावर दाद कशी मागायची: कॉलेज फुटबॉलच्या कॅप्टन-मॅनेजरांसाठी

सोलापुरात आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की संध्याकाळी माझा फोन वाजायला लागतो. पलीकडे कुठल्यातरी कॉलेजचा कॅप्टन नाहीतर मॅनेजर असतो. "मॅडम, चिटिंग झालं. रेफ्री मॅनेज होता." मी तीनच गोष्टी विचारते. कितव्या मिनिटाला? निर्णय काय दिला? कारण काय सांगितलं? पहिल्या दोन्हींची उत्तरं तावातावानं येतात. तिसऱ्याला बहुतेक वेळा फोन शांत होतो, कारण रेफ्रीला कारण कुणी विचारलेलंच नसतं. सगळे त्याच्यावर ओरडलेले असतात.

मी एका कॉलेजात फिजिकल डायरेक्टर आहे, मुलींचा संघ सांभाळते आणि स्वतःही शिट्टी घेऊन मैदानात उतरले आहे. म्हणून आधीच सांगते, रेफ्रीला प्रश्न विचारायलाच हवा. "पंचांचा निर्णय अंतिम असतो, गप बसा" असं म्हणून पोरांची तोंडं बंद करणारे मॅनेजर मला पटत नाहीत. आपल्या विद्यापीठाचं कार्यक्षेत्र सोलापूर जिल्ह्यापुरतं आहे. बार्शी, पंढरपूर, अकलूज, सांगोला इथली पोरं वर्षभर सराव करून दोन-तीन सामन्यांसाठी येतात. त्यातूनच विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, त्या वाटेची सुरुवात बऱ्याच पोरींसाठी या मैदानावरच होते. अशा सामन्यात चुकीची शिट्टी वाजली तर त्याबद्दल विचारण्याचा पोरांना पूर्ण हक्क आहे. फक्त कोणी, केव्हा आणि कोणत्या शब्दांत विचारायचं हे ठाऊक पाहिजे.

आधी ठरवा, तक्रार नक्की कसली

मैदानावर जे घडलं ते रेफ्रीनं कसं पाहिलं, ही एक गोष्ट. हात लागला की नाही, धक्का दिला की ती आपणहून पडली, चेंडू रेषेपार गेला की नाही, याला नियमांच्या भाषेत खेळातली वस्तुस्थिती म्हणतात. फुटबॉलच्या नियमपुस्तकातला नियम ५ स्पष्ट सांगतो की वस्तुस्थितीबद्दल रेफ्रीचा निर्णय अंतिम, गोल झाला की नाही आणि सामन्याचा निकाल काय यासकट. इथं निषेध अर्ज करून हाती काही लागत नाही. रेफ्रीला ते तसं दिसलं, विषय संपला. पोरांना हे सांगणं जड जातं, तरी सांगा.

नियमच चुकीचा लावला, ही अगदी वेगळी गोष्ट. रेफ्रीनं जे पाहिलं ते बरोबर पाहिलं, पण त्यावर पुस्तकात नसलेला निर्णय दिला. दाद मागायला खरी जागा इथं आहे.

सगळ्यात मोठं उदाहरण २००५ चं. विश्वचषक पात्रतेच्या प्लेऑफमध्ये ताश्कंदला उझबेकिस्ताननं बहरीनला १-० हरवलं. त्या सामन्यात उझबेकिस्तानला पेनल्टी मिळाली होती आणि त्यावर गोलही झाला होता. पण किक मारण्याआधी त्यांचाच एक खेळाडू गोलसमोरच्या बॉक्समध्ये शिरला. नियमानं पेनल्टी पुन्हा घ्यायला हवी होती. रेफ्रीनं उलट बहरीनला इनडायरेक्ट फ्री किक दिली, म्हणजे जिच्यावर थेट गोल करता येत नाही अशी. उझबेकिस्ताननं दाद मागितली आणि सामना ३-० असा आपल्याला द्यावा अशी मागणी केली. फिफानं चूक मान्य केली, पण ३-० दिला नाही. निकालच रद्द करून सामना पुन्हा खेळायला लावला. तो १-१ सुटला, नंतर बहरीनमधला ०-० सुटला, आणि बरोबरीत प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर केलेला गोल जड धरला जात असल्यामुळे बहरीन पुढे गेलं. म्हणजे जिंकलेला संघ दाद मागून बाहेर पडला. अर्ज लिहायला बसलेल्या प्रत्येक मॅनेजरला मी हे आधी सांगते. आपण काय मागतोय आणि समितीनं खरंच तेवढं दिलं तर पुढे काय होईल, याचा विचार करूनच पेन उचला.

तिसरी तक्रार वागणुकीची. रेफ्रीनं शिवी दिली, खेळाडूच्या जातीवरून, गावावरून, भाषेवरून बोलला, पोरींच्या कपड्यांवर शेरा मारला, तर तो निर्णय नव्हे, गैरवर्तन आहे. 'निर्णय अंतिम' हे कलम त्याला लागू होत नाही. त्याचा अर्ज वेगळ्या कागदावर करा. ऑफसाइडच्या (साथीदारानं चेंडू मारला तेव्हा चेंडूच्या आणि शेवटून दुसऱ्या बचावपटूच्याही पुढे, समोरच्या गोलजवळ असण्याच्या) तक्रारीत तो मिसळला की दोन्ही अर्ज कमजोर होतात.

चौथी तक्रार नेमणुकीची. रेफ्री नेमला कोणी, तो समोरच्या कॉलेजात नोकरीला आहे का, लाइनमन कुठून आले. ही सामन्यानंतर नव्हे, सामन्याआधी मांडायची असते. तिच्याकडे पुढे येतेच.

कॅप्टननं काय विचारायचं

एका उपांत्य सामन्यात आमच्या मुलींच्या बाबतीत घडलेलं सांगते. दुसऱ्या हाफमध्ये डाव्या बाजूला आम्हाला थ्रो-इन मिळाला. आमच्या चार नंबरनं लांब थ्रो टाकला. आमची नऊ नंबर समोरच्या संघाच्या बचावफळीच्या बरीच मागे एकटी उभी होती. तिनं चेंडू घेतला, गोलकीपरला चुकवून आत मारला. लाइनमनचा झेंडा वर. रेफ्रीची शिट्टी. गोल रद्द, ऑफसाइड.

बाकावरच्या पोरी उठल्या. मी हातानंच त्यांना खाली बसवलं. आमची कॅप्टन एकटी रेफ्रीकडे चालत गेली. पळत नाही, चालत. हात मागे.

"सर, निर्णय कशासाठी?"

"ऑफसाइड."

"सर, चेंडू कशावरून आला होता?"

"थ्रो-इनवरून. ती सरळ मागे उभी होती."

"थँक यू सर."

एवढंच. ती परत आली आणि वाटेत मला दोन्ही उत्तरं सांगितली. मी डायरीत मिनिट, नंबर आणि रेफ्रीचे शब्द जसेच्या तसे लिहिले.

ज्यांना नियम ११ पाठ नाही त्यांच्यासाठी सांगते: थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नर यांवरून चेंडू थेट मिळाला तर ऑफसाइड होत नाही. नऊ नंबर गोलकीपरच्या मांडीला मांडी लावून उभी असती तरी नाही. "कसा काय ऑफसाइड, सर?" असं ती ओरडली असती तर रेफ्री म्हणाला असता, "मला दिसलं." मग प्रश्न वस्तुस्थितीचा झाला असता आणि आमचं काम तिथंच संपलं असतं. "चेंडू कशावरून आला" असं विचारल्यामुळे नियमाची चूक रेफ्रीच्याच तोंडून नोंदली गेली. कॅप्टनला शिकवायचं ते हेच. रेफ्रीचं मत बदलायला जाऊ नका, त्याचं कारण ऐकायला जा.

वेळही महत्त्वाची. खेळ पुन्हा सुरू झाला की रेफ्रीला चूक कळली तरी तो आधीचा निर्णय फिरवू शकत नाही. म्हणून फ्री किक मारली जायच्या आत विचारायचं, आणि दोनच वाक्यांत. युरो २०२४ पासून मोठ्या स्पर्धांत फक्त कॅप्टननंच रेफ्रीशी बोलायची पद्धत रुळली आहे. आपल्याकडे ती लेखी असो-नसो, संघात तीच ठेवा. निर्णयावर नाराजी दाखवली की यलो कार्ड मिळतं हे पोरांना ठाऊक असतं. पण २०१९ पासून बाकावरच्या कोचला आणि मॅनेजरलाही कार्ड दाखवता येतं, आणि कोण ओरडलं ते कळलं नाही तर कार्ड मुख्य कोचला मिळतं, हे कित्येक मॅनेजरांना माहीत नसतं.

२०१९ चीच आणखी एक दुरुस्ती आपल्या मैदानांवर अजून चुकते. गोल किक मारली आणि चेंडू हलला की खेळ सुरू, तो बॉक्सबाहेर जायची गरज नाही. तरीही बॉक्समध्येच पास घेतला म्हणून किक पुन्हा घ्यायला लावणारे रेफ्री मी पाहिले आहेत. म्हणून नियमांचं चालू वर्षाचं पुस्तक फोनमध्ये ठेवा, ते फुकट मिळतं. आणि निदान नियम ५, ११, १२ आणि १४ कॅप्टनला पाठ हवेत.

अर्ज असा लिहा

सामना संपल्यावर किती वेळात निषेध नोंदवायचा, फी किती, कोणाकडे द्यायचा, हे स्पर्धेच्या परिपत्रकात किंवा मॅनेजर मीटिंगमध्ये दिलेल्या नियमावलीत असतं. ती मुदत कमी असते, म्हणून कोरा कागद, कार्बन, पेन आणि फीचे पैसे किटबॅगमध्ये आधीच ठेवा. पार्क मैदानावर असा नाहीतर कुमठा नाक्याच्या क्रीडा संकुलात, ऐन वेळी झेरॉक्सचं दुकान शोधत पळायची वेळ येऊ नये. सामन्याच्या स्कोअरशीटवर सही करताना "निषेध नोंदवून" असे दोन शब्द लिहून मग सही करा. सही नाकारू नका.

आमचा त्या दिवशीचा अर्ज जवळपास असा होता:

"प्रति, अध्यक्ष, स्पर्धा समिती. विषय: मुलींच्या उपांत्य सामन्यात नियमाचा चुकीचा वापर झाल्याबाबत. महोदय, सामन्याच्या ५२ व्या मिनिटाला आमच्या जर्सी क्र. ४ ने डाव्या बाजूने थ्रो-इन केला. चेंडू थेट जर्सी क्र. ९ कडे गेला व तिने गोल केला. सहायक पंचांनी झेंडा दाखवला व मुख्य पंचांनी ऑफसाइड देऊन गोल रद्द केला. कर्णधाराने विचारले असता चेंडू थ्रो-इनवरून आल्याचे व त्यावर ऑफसाइड दिल्याचे पंचांनी सांगितले. नियम ११ नुसार थ्रो-इनवरून चेंडू थेट मिळाल्यास ऑफसाइडचा गुन्हा होत नाही. जर्सी क्र. ९ कोठे उभी होती याबाबत आमचा कोणताही आक्षेप नाही. नियमाच्या वापराबाबत समितीने लेखी निर्णय द्यावा, ही विनंती."

शेवटून दुसरं वाक्य मी मुद्दाम घातलं. रेफ्रीच्या नजरेवर आमचा आक्षेप नाही असं आपणच लिहून दिलं की "हा वस्तुस्थितीचा निर्णय आहे" म्हणून अर्ज बाजूला सारता येत नाही. पक्षपात, सेटिंग, जाणूनबुजून असला एकही शब्द अर्जात नको. ते सिद्ध करायची जबाबदारी आपल्यावर येते आणि नियमाची सरळ चूक त्याखाली झाकली जाते. दुसऱ्या प्रतीवर वेळेसकट पोच घ्या.

निकाल काय लागला? समितीनं चूक लेखी मान्य केली, फी परत दिली, पण अंतिम सामना दुसऱ्या दिवशी सकाळी असल्यामुळे उपांत्य सामना पुन्हा खेळवला नाही. आमच्या पोरी बाहेर पडल्या. मला तो निर्णय आजही मान्य नाही आणि तसं पत्र मी तेव्हाच दिलं. पण पुढच्या वर्षीच्या नियमावलीत यजमान कॉलेजचे विद्यार्थी लाइनमन म्हणून उभे करू नयेत असं एक कलम आलं, आणि ते आमच्या त्या अर्जामुळेच आलं.

मैदान सोडू नका

रागाच्या भरात संघ बाहेर काढणं हा सगळ्यात महाग मार्ग आहे. ३ मार्च २०२३ ला बंगळुरूत आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) प्लेऑफमध्ये जादा वेळेत सुनील छेत्रीनं भिंत उभी राहायच्या आत झटपट फ्री किक मारून गोल केला. तो गोल द्यायला नको होता, असं म्हणत केरला ब्लास्टर्सचा संघ मैदानाबाहेर गेला. पुन्हा सामना खेळवण्याची त्यांची मागणी फेटाळली गेली, क्लबला ४ कोटी रुपये दंड झाला आणि कोच इव्हान वुकोमानोविच यांच्यावर १० सामन्यांची बंदी आली. त्या फ्री किकवर वाद घालायला जागा होती की नव्हती, हा प्रश्नच मागे पडला. चर्चा उरली ती मैदान सोडण्याची.

व्हॉट्सअॅप स्टेटस आणि इन्स्टाग्राम यांचंही तसंच. रेफ्रीचा फोटो टाकून "विकला गेला" लिहिणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामी ठरू शकतं. वीस वर्षांच्या पोराच्या डोक्यावर ते ओझं नको. राग कितीही खरा असला तरी आधी अर्ज, आणि समितीचा निर्णय येईपर्यंत व्हिडिओ आपल्याजवळ.

व्हिडिओचं एवढंच सांगते: फोन मध्यरेषेजवळ, उंचावर, स्टँडवर लावा. सूर्य पाठीमागे येईल अशी बाजू निवडा, आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात समोरून घेतलेल्या चित्रात जर्सीचे नंबरही दिसत नाहीत. पूर्ण सामना सलग घ्या. दहा सेकंदांचा कापलेला तुकडा कोणी ग्राह्य धरत नाही.

न्याय सामन्याआधी मागा

मॅनेजर मीटिंगला आपण जातो आणि चहा पिऊन, ड्रॉ घेऊन परत येतो. खरं काम तिथंच असतं. त्या मीटिंगमध्ये हे विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या: मुख्य रेफ्री कोण, त्यांची रेफ्री परीक्षा कोणत्या पातळीची, ते खेळणाऱ्या कुठल्या कॉलेजात नोकरीला आहेत का, लाइनमन कोण. निषेध समितीत कोण बसणार? यजमान कॉलेजचा सामना असेल तर त्या कॉलेजचे सर समितीतून बाजूला होणार का? बदली खेळाडू किती? बरोबरी झाली तर जादा वेळ की थेट पेनल्टी? हे प्रश्न सामन्याआधी विचारले तर कोणाला राग येत नाही, कारण तेव्हा कोणी हरलेलं नसतं.

आणि रेफ्रीची बाजूही बघा. भर उन्हात एकाच माणसाला लागोपाठ सामने देतात, कधी पाण्याची बाटलीही त्यानं स्वतः आणलेली असते, लाइनमन म्हणून हाताशी लागेल तो मुलगा उभा केलेला असतो. शेवटच्या सामन्यात त्याचे पाय चालत नाहीत आणि तो मधल्या वर्तुळातून ऑफसाइड देतो. ही चूक त्याच्याइतकीच ते वेळापत्रक लावणाऱ्यांची आहे. म्हणून एका रेफ्रीला दिवसात किती सामने, हाही मीटिंगचाच प्रश्न. मी शिट्टी घेतली तेव्हा सगळ्यात जास्त उपयोग झाला तो सामन्याआधी येऊन "मॅडम, लाइनमन कोण आहेत?" असं विचारणाऱ्या कॅप्टनांचा. त्यांच्यामुळे मला आयोजकांकडे आग्रह धरता आला.

सामना विसरला गेल्यावर

निकाल बदलणं आणि रेफ्रीनं जाब देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत कॉलेज फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात धरून पळायचा खेळ, पण रेफ्रींचा प्रश्न तिथंही हाच. १० सप्टेंबर २०१६ ला ओक्लाहोमा स्टेट विरुद्ध सेंट्रल मिशिगन सामन्यात घड्याळ शून्यावर आल्यावर खेळ संपायला हवा होता. रेफ्रींनी नियम चुकवून आणखी एक चाल खेळायला दिली आणि तिच्यावर सेंट्रल मिशिगननं ३०-२७ असा सामना जिंकला. निकाल तसाच राहिला. पण चूक जाहीरपणे मान्य झाली आणि मैदानावरच्या रेफ्रींना तसंच रिप्ले पाहणाऱ्यांनाही दोन सामन्यांसाठी निलंबित केलं. त्याच खेळात १९४० साली कॉर्नेल विद्यापीठाला डार्टमाउथविरुद्ध चुकून चारऐवजी पाचवी संधी मिळाली आणि ते ७-३ नं जिंकले. सामन्याची फिल्म पाहून रेफ्रीनं चूक कबूल केली, तेव्हा कॉर्नेलनं विजय आपणहून सोडला आणि निकाल डार्टमाउथच्या बाजूनं ३-० नोंदला गेला. रेफ्रीची चूक आपल्या फायद्याची ठरली तेव्हा आपण काय केलं, हा प्रश्न मी माझ्या पोरींना दरवर्षी विचारते. दुसऱ्याच्या अन्यायावर बोलणं सोपं असतं.

समितीनं लेखी उत्तर दिलंच नाही तर प्राचार्यांच्या सहीनं विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला स्मरणपत्र द्या. तरीही काही आलं नाही तर माहिती अधिकार आहे. विद्यापीठ सार्वजनिक प्राधिकरण आहे, जन माहिती अधिकाऱ्याकडे जोडपत्र 'अ' मध्ये अर्ज करा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द एवढीच मुभा आहे, म्हणून "न्याय का दिला नाही" असलं काही विचारू नका, कागद मागा. त्या स्पर्धेसाठी पंच नेमल्याचा आदेश, पंचांची पात्रता नोंद, दिलेल्या मानधनाचा तपशील, आमच्या अर्जावरच्या बैठकीचं इतिवृत्त. ३० दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

आणि एक काम कॉलेजनं आजच करावं. संघातल्या दोन मुलांना, दोन मुलींना जिल्हा पातळीवरच्या रेफ्री परीक्षेला बसवा. ज्यांना संघात जागा मिळाली नाही पण खेळ सुटत नाही अशी पोरं प्रत्येक कॉलेजात असतात. त्यांचा परीक्षेचा, प्रवासाचा खर्च जिमखाना निधीतून करा. मैदानावर दिलेले अर्ज, पोच, समितीची उत्तरं आणि माहिती अधिकारातले कागद यांची एक फाइल जिमखान्यात ठेवा, कारण पुढच्या वर्षी मॅनेजर बदललेला असतो.